वेळापत्रक पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर लिहू नका

"मामा, फाइल कुठं का असेना, साइट चालते ना? मग झालं तर!"

हे वाक्य माझ्या भाच्याचं. तो पुण्यात संगणकाच्याच धंद्यात आहे, पगार चांगला आहे, आणि मामाला शिकवायचा त्याला हक्कही आहे, कारण या ब्लॉगची पहिली पाच पानं त्यानेच चढवून दिली होती. पण त्याचं हे म्हणणं मला मुळीच पटलेलं नाही. आमच्या ब्लॉगर मित्रमंडळीतही दोघं-तिघं हेच म्हणतात. इथल्या सेतू केंद्रात बसणारा माझा एक जुना विद्यार्थी तर म्हणाला, "सर, तुम्ही काहून एवढा डोक्याले ताण देऊन राहिले? ते कंपनीवाले पाहून घेतील नं!" तेव्हा म्हटलं, ज्याला त्याला वेगवेगळं समजावत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर भांडून घ्यावं.

नातेवाईक मंडळींनी पळून जाऊ नये. तुमच्यासाठी आधी सोपं करून सांगतो.

शाळेत तीन प्रकारचे कागद असतात. एक म्हणजे पाठ्यपुस्तक. ते बालभारतीकडून येतं, साऱ्या महाराष्ट्रात सारखं असतं, आणि अभ्यासक्रम बदलला की जुनं रद्दीत जातं. त्याचं कोणाला दुःख होत नाही. दुसरं जनरल रजिस्टर. पोरगं शाळेत दाखल झालं त्या दिवशीची नोंद, जन्मतारीख, जात, गाव, शाळा सोडल्याची तारीख. हे कधीच रद्दीत जात नाही. साठ-सत्तर वर्षांनी कोणी नातू जातपडताळणीसाठी आजोबाची नोंद मागायला येतो, तेव्हा तेच काढावं लागतं. (अशा नातवांसाठी उन्हाळ्याच्या सुट्टीत कपाट उघडून धूळ खाल्लेली आहे मी.) आणि तिसरी मुख्याध्यापकांची सूचनावही आणि भिंतीवरचं वेळापत्रक. कोणता तास कोणाचा, घंटा किती वाजता, बाजाराच्या दिवशी शाळा सकाळची, प्रयोगशाळेची किल्ली कोणाकडे. हे त्या एका शाळेपुरतं असतं. शेजारच्या गावातल्या शाळेत पुस्तक तेच, पण वेळापत्रक वेगळं.

संगणकातही हेच तीन कागद. प्रोग्राम म्हणजे पाठ्यपुस्तक. तुमचे लेख, फोटो, प्रतिक्रिया म्हणजे जनरल रजिस्टर. आणि या यंत्रावर हा प्रोग्राम कसा चालवायचा, कोणत्या दारातून लोकांना आत घ्यायचं, रजिस्टरच्या कपाटाचा पासवर्ड काय, हे ज्या फायलीत लिहिलेलं असतं ती कॉन्फिगरेशन फाइल, म्हणजे सूचनावही.

आता सांगा, कोणी शहाणा मुख्याध्यापक वेळापत्रक पाठ्यपुस्तकाच्या पुठ्ठ्यावर लिहील काय? पुढच्या वर्षी नवं पुस्तक आलं की जुनं रद्दीवाल्याकडे, आणि त्याच्याबरोबर वेळापत्रकही! आणि प्रयोगशाळेच्या किल्लीची जागा शाळेच्या फाटकावर खडूने कोणी लिहील काय? पण सर्व्हरच्या जगात या दोन्ही गोष्टी रोज होतात, आणि करणारी माणसं आपल्यापेक्षा शिकलेली असतात.

युनिक्सच्या जुन्या लोकांना हे कळलेलं होतं. अगदी पहिल्या दिवसापासून नाही हं. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये युनिक्स उभं केलं तेव्हा 'ईटीसी' नावाचा कप्पा होता, आणि तो नावाप्रमाणे 'इत्यादी'चाच होता. जे दुसरीकडे बसत नाही ते तिथे. घरात माळा असतो ना, तसा. त्यात काही चालणारे प्रोग्रामही ठेवलेले असत. हळूहळू तिथले प्रोग्राम बाहेर निघाले आणि सूचना तेवढ्या राहिल्या. लिनक्स आल्यावर जो तो आपापल्या मर्जीने कप्पे पाडू लागला, तेव्हा काही मंडळींनी बसून एक नियमावली तयार केली. तिचा पहिला मसुदा फेब्रुवारी १९९४ मध्ये आला, पुढे तिलाच 'फाइलसिस्टिम हायरार्की स्टँडर्ड' म्हणू लागले, आणि तिची ३.० ही आवृत्ती २०१५ मध्ये लिनक्स फाउंडेशनने काढली. त्यात साध्या शब्दांत म्हटलं आहे की या एका यंत्रापुरत्या ज्या सूचना आहेत त्या 'ईटीसी'त ठेवा, आणि तिथे चालणारे प्रोग्राम ठेवू नका. प्रोग्राम 'यूएसआर'मध्ये, वाढता-बदलता मजकूर 'व्हीएआर'मध्ये. पुस्तक, रजिस्टर, सूचनावही. मी इतकी वर्षं शाळेत जे केलं तेच!

डेबियनवाल्यांनी तर याचा कायदाच केला आहे. त्यांच्या धोरणपत्रिकेत लिहिलं आहे की कॉन्फिगरेशन फायली 'ईटीसी'तच राहतील, आणि वापरणाऱ्याने त्यात केलेले बदल प्रोग्रामची नवी आवृत्ती आली तरी जपले जातील. नवी आवृत्ती बसवताना तो थांबून विचारतो, "तुम्ही या फाइलमध्ये बदल केला आहे, आमच्याकडेही नवी फाइल आली आहे, तुमची ठेवू की आमची?" मला हा प्रश्न फार आवडतो. इतक्या अदबीने तर शिक्षण खात्यानेही आम्हाला कधी विचारलं नाही.

त्यामुळे गंमत अशी होते की अपाचे नावाचा वेब सर्व्हर मूळ निर्मात्यांकडून घेऊन स्वतः बसवला तर त्याच्या सूचना 'यूएसआर-लोकल-अपाचे२'च्या पोटात 'कॉन्फ' कप्प्यात जातात. तोच रेड हॅटकडून घेतला तर 'ईटीसी-एचटीटीपीडी'त, आणि डेबियनकडून घेतला तर 'ईटीसी-अपाचे२'त. एन्जिनएक्सचंही तेच. निर्माता म्हणतो माझ्या घरात ठेव, आणि सांभाळणारा म्हणतो तुझ्या घरात नाही, चावडीत ठेव. मी सांभाळणाऱ्याच्या बाजूचा आहे. निर्मात्याला त्याचा एकच प्रोग्राम दिसतो. सांभाळणाऱ्याच्या यंत्रावर पन्नास असतात, आणि रात्री दोन वाजता काही बिघडलं तर पन्नास घरांची दारं ठोठवायला त्याला वेळ नसतो.

इथपर्यंत भाच्याचंही काही म्हणणं नाही. भांडण पुढे आहे.

आपल्यापैकी बहुतेकांचे ब्लॉग वर्डप्रेसवर आहेत. २००३ मध्ये मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी ते काढलं, फुकट दिलं, आणि मराठी माणसाला देवनागरीत लिहायला जागा दिली. त्यांचे उपकार मी मानतो. पण त्याची सूचनावही, म्हणजे 'डब्ल्यूपी-कॉन्फिग डॉट पीएचपी' ही फाइल, कुठे असते माहीत आहे? जिथे तुमचं मुखपृष्ठ असतं तिथेच. ज्या खोलीत साऱ्या जगाला बोलावलं आहे त्याच खोलीत. आणि तिच्यात काय असतं? रजिस्टरच्या कपाटाचं नाव, ते उघडणाऱ्याचं नाव, त्याचा पासवर्ड, आणि लॉगिनवर शिक्का मारायला लागणारी आठ गुपितं.

यावर भाचा म्हणतो, "मामा, ती पीएचपीची फाइल आहे. बाहेरून कोणी मागितली तर सर्व्हर ती चालवतो, दाखवत नाही. कोरं पान येतं." खरं आहे. जोपर्यंत सर्व्हरला पीएचपी कळतं तोपर्यंत कोरं पान येतं. ज्या दिवशी कोणी अपग्रेड करताना पीएचपीचा दुवा तुटू देतो, त्या दिवशी तीच फाइल साध्या मजकुरासारखी पडद्यावर येते. असं होत नाही म्हणता? ऑगस्ट २००७ मध्ये फेसबुकच्या मुखपृष्ठाचा पीएचपी मजकूर काही लोकांच्या पडद्यावर जसाच्या तसा उमटला होता, आणि सर्व्हरच्या मांडणीतल्या चुकीमुळे तो उमटला. जे फेसबुकला टळलं नाही ते आपल्या शंभर-दीडशे रुपये महिन्याच्या होस्टिंगला टळेल, हा विश्वास कुठून आणायचा?

आणि पीएचपी धडधाकट असलं तरी दुसरं दुखणं आहेच. माणूस फाइल बदलायच्या आधी तिची प्रत काढून ठेवतो. चांगली सवय आहे. पण प्रतीला नाव देतो 'डॉट ओल्ड', 'डॉट बॅक', नाहीतर लिहायचा प्रोग्रामच नावाला शेपटी लावून एक प्रत टाकून देतो. आता ही फाइल पीएचपीची राहिली नाही. सर्व्हरच्या लेखी ती साधा मजकूर, मागेल त्याला देणार. आणि मागणारे असतात! माझ्या सर्व्हरची नोंदवही मी रोज सकाळी चहाबरोबर वाचतो. (वर्तमानपत्रापेक्षा बरी करमणूक होते.) रोज कोणी ना कोणी, कुठल्या देशातून कोण जाणे, नेमकी हीच नावं विचारून जातो. 'डब्ल्यूपी-कॉन्फिग डॉट ओल्ड' आहे का? 'डॉट बॅक' आहे का? नाही? बरं. आणि पुढच्या दाराला जातो. गल्लीत कडी हलवून पाहत जाणाऱ्या भुरट्यासारखा.

पुसदकडच्या एका ताईंचा ब्लॉग आमच्या मंडळीतल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. त्यांच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या त्यांनी एकेक करून टाइप केल्या होत्या, तीनशेच्या वर. मराठीत बीए झालेल्या माणसाला अशा ब्लॉगचं काय मोल वाटतं हे मी काय सांगू. तर एका होस्टिंगवाल्याच्या पोराने अपग्रेड करून देताना या फाइलची 'डॉट ओल्ड' प्रत त्याच सार्वजनिक कप्प्यात सोडली. कडी हलवणाऱ्याला ती मिळाली. पासवर्ड मिळाला, आणि त्या पोराने कामाला सोपं म्हणून तोच पासवर्ड पॅनेललाही दिलेला होता. महिनाभराने ओव्यांच्या पानावर कसल्या कसल्या गोळ्यांच्या जाहिराती दिसू लागल्या. ते साफ करता करता रजिस्टरच कोरं झालं. होस्टिंगवाल्याकडची जुनी प्रत उघडलीच नाही.

ओव्या परत आल्या. वही घरात होती, ताईंनी आणि त्यांच्या सुनेने दोन महिने बसून परत टाइप केल्या. प्रतिक्रिया आल्या नाहीत. ताईंचे मामा, महागाव तालुक्यातले, ऐंशीच्या पुढचे, नातवाकडून टाइप करवून प्रत्येक ओवीखाली अडलेल्या वऱ्हाडी शब्दांचे अर्थ देत असत. कोणता शब्द जात्याच्या कोणत्या भागाचा, कोणता पेरणीच्या वेळचा, कोणत्या गावात तो कसा म्हणतात. मामा त्याआधीच्या वर्षी वारले होते. ते अर्थ दुसऱ्या कुठल्या वहीत नव्हते.

म्हणून "साइट चालते ना" हे उत्तर मला पुरत नाही. ताईंचीही साइट चालतच होती.

बरं, वर्डप्रेसवाल्यांनाही हे ठाऊक नव्हतं असं नाही. जुलै २००८ मध्ये आलेल्या २.६ या आवृत्तीपासून त्यांनी सोय दिली आहे की ही फाइल एक पायरी वरच्या कप्प्यात ठेवली तरी प्रोग्राम तिला शोधून काढतो. सोय दिली, पण मूळ जागा तीच ठेवली. आजही नवी साइट उभारली की फाइल मुखपृष्ठाशेजारीच जन्माला येते. बसवणारा प्रोग्राम ती स्वतःच लिहितो, तुम्हाला विचारतही नाही. माझा खरा राग इथे आहे. शहाण्यांसाठी पर्याय ठेवायचा आणि बाकीच्यांना वाऱ्यावर सोडायचं, हा कुठला न्याय? वर्गात पहिल्या बाकावरच्या चार पोरांना समजलं म्हणजे धडा झाला असं मानणारे मास्तर मी पाहिले आहेत. ताई पहिल्या बाकावरच्या नव्हत्या. त्यांना ओव्या लिहायच्या होत्या.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगतो. वर्डप्रेसच्याच कागदपत्रांत नोंद आहे की काहींच्या मते फाइल हलवण्याचा फायदा किरकोळ आहे, आणि निष्काळजीपणे हलवली तर नवी भोकं पडतात. त्यांचा युक्तिवाद असा की ज्याला तुमच्या सर्व्हरवर स्वतःचा प्रोग्राम चालवता आला तो फाइल वर असो की खाली, वाचणारच. कबूल. घरात शिरलेल्या चोराला कपाट या खोलीत आहे की त्या, याने काय फरक पडणार? पण ताईंच्या घरात कोणी शिरलंच नव्हतं! रस्त्यावरून जाताना फाटकावर लिहिलेलं वाचलं, एवढंच. घरफोडीवर इलाज नाही म्हणून फाटकावर किल्लीची जागा लिहायची, हे तर्कशास्त्र मला बीएला तरी शिकवलं नव्हतं.

'ईटीसी'चा आणखी एक गुण आहे, तो या वादात कोणी काढत नाही. तिथल्या फायलींचा मालक यंत्राचा कारभारी असतो. वेब सर्व्हर त्या वाचू शकतो, त्यात खाडाखोड करू शकत नाही. म्हणजे उद्या प्रोग्राम कोणी ताब्यात घेतला तरी त्याला स्वतःचे नियम बदलता येत नाहीत. विद्यार्थ्याने वेळापत्रक वाचावं, त्यावर लिहू नये. आणि जो प्रोग्राम स्वतःच्या पोटातली सूचनावही स्वतःच लिहितो, त्याच्या हातात पेन मुळातच दिलेला असतो.

गुपितं आणि नियम हे दोन वेगळे कागद आहेत, हेही युनिक्सने ठेच लागल्यावरच शिकलं. 'ईटीसी'त 'पासवर्ड' नावाची फाइल होती, सर्वांना वाचता येणारी, आणि तिच्यातच पासवर्डची गुंतागुंत केलेली रूपं. यंत्रं वेगवान झाली, ती रूपं फोडणं सोपं झालं, तेव्हा १९८० च्या दशकाच्या शेवटी शेवटी ती काढून 'शॅडो' नावाच्या वेगळ्या फायलीत नेली, फक्त कारभाऱ्याला दिसेल अशी. जुनी फाइल अजून आहे, नावही तेच आहे, पासवर्ड मात्र तिच्यात नाही. आपल्याकडे जुन्या वाड्याला अजून टाकसाळ म्हणतात तसं.

आता आपल्या भाषेतलं उदाहरण. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला. विकिपीडियाचा प्रोग्राम मीडियाविकी. तो घरगुती वापरासाठी बसवला तर 'लोकलसेटिंग्ज' नावाची फाइल वर्डप्रेससारखीच मुखपृष्ठाशेजारी ठेवतो. (हे दुखणं सगळ्या पीएचपी घराण्यातच आहे.) पण विकिमीडिया फाउंडेशन स्वतःच्या सर्व्हरांवर तसं करत नाही. तिथे साऱ्या भाषांच्या विकींचे नियम मिळून एका मोठ्या फायलीत ठेवले आहेत, आणि ती फाइल उघडी आहे. कोणीही वाचावी. मराठीच्या ओळी तिच्यात 'एमआरविकी' या नावाखाली सापडतात. पासवर्ड आणि चाव्या मात्र 'प्रायव्हेट सेटिंग्ज' नावाच्या दुसऱ्या फायलीत, ती बंद.

मराठी विकिपीडियावर एखादा नियम बदलायचा असेल, म्हणजे कोणाला कोणते अधिकार असावेत वगैरे, तर आधी तिथल्या 'चावडी'वर चर्चा होते. पानाचं नाव खरंच चावडी आहे, मी बनवून सांगत नाही. मग मागणी वर जाते, कोणीतरी त्या फायलीत बदल सुचवतो, दुसरा तपासतो, आणि मग तो लागू होतो. कोणी, कधी, कशासाठी बदललं याची नोंद राहते. आमच्या गावात २०१७ मध्ये संगणकीकृत सातबाराचं चावडी वाचन झालं तेव्हा मी ऐकायला गेलो होतो. लोकांनी आपापल्या नोंदी ऐकल्या, जिथे चूक होती तिथे ओरडले. सूचनावही उघडी असण्याचा फायदा हा असतो. तलाठ्याने आपल्या कपाटाची किल्ली मात्र तिथे वाचून दाखवली नाही, आणि कोणी तशी मागितलीही नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं की नियम उघडे ठेवायला माझी हरकत नाही, उलट ठेवावेतच. पण ठरलेल्या जागी, आणि गुपितांपासून तोडून. वर्डप्रेसने एकाच फायलीत कपाटाचा पासवर्डही भरला आणि "चुका दाखवाव्यात की लपवाव्यात" असल्या किरकोळ सूचनाही. म्हणून ती फाइल मदतीसाठी कोणाला दाखवताही येत नाही, आणि दाखवणारे पासवर्डसकट दाखवून बसतात.

पोस्टग्रेसवाल्यांचं म्हणणं थोडं वेगळं आहे, आणि त्यांच्याशी भांडताना मला जपून भांडावं लागतं, कारण त्यांचं म्हणणं विचार करून आलेलं आहे. ते सूचनावही रजिस्टरच्याच कपाटात, म्हणजे डेटाच्या कप्प्यात ठेवतात. कारण एका यंत्रावर त्यांची तीन-चार रजिस्टरं वेगवेगळ्या नियमांनी चालू शकतात, तेव्हा प्रत्येकाची वही त्याच्याबरोबर. पण २००५ च्या ८.० आवृत्तीपासून त्यांनीही ती दुसरीकडे ठेवायची मुभा दिली, आणि डेबियनने ती नेऊन 'ईटीसी-पोस्टग्रेएसक्यूएल'मध्ये आवृत्तीवार आणि रजिस्टरवार कप्पे करून लावली. तीन रजिस्टरं असली तर तीन वह्या, एकाच फळीवर. मला यात काही अडचण दिसत नाही.

मायक्रोसॉफ्टचा अनुभव मात्र शिकण्यासारखा आहे. त्यांनी आधी साध्या मजकुराच्या 'आयएनआय' फायली ठेवल्या, मग विंडोज ९५ पासून सारं रजिस्ट्री नावाच्या एका मोठ्या पेटाऱ्यात कोंबायला सुरुवात केली. त्यांच्या आयआयएस या वेब सर्व्हरने तर 'मेटाबेस' नावाचा स्वतःचा वेगळा पेटारा काढला, माणसाला डोळ्यांनी वाचता न येणारा. पुढे २००३ मध्ये तो एक्सएमएल मजकुरात आणावा लागला, आणि आयआयएस ७ मध्ये तो मेटाबेसच गुंडाळून साध्या कॉन्फिग फायली आल्या. एवढी मोठी कंपनी फिरून फिरून भोपळे चौकात!

भाच्याचा शेवटचा बाण 'एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल'चा. हिरोकूच्या अॅडम विगिन्स यांनी २०११ मध्ये बारा कलमांची एक पत्रिका काढली, तिच्यात कॉन्फिगरेशन फायलीत ठेवूच नका, प्रोग्राम सुरू करताना त्याच्या कानात सांगा, असं म्हटलं आहे. नव्या पोरांना ही पत्रिका पाठ असते. कल्पना वाईट नाही, निदान पासवर्ड प्रोग्रामच्या पोटात तरी राहत नाही. पण कानात सांगितलेलं तो प्रोग्राम आपल्या साऱ्या पोराबाळांना सांगतो, आणि पीएचपीची माहिती दाखवणारं पान कोणी उघडं विसरलं तर तेच कानातलं साऱ्या जगाला यादी करून दाखवतो. शिवाय सांगणार कोण? यंत्र बंद पडून सुरू झालं की (आमच्याकडे लाइन किती वेळा जाते ते पुण्याच्या माणसाला काय कळणार) पुन्हा सांगायला ते कुठेतरी लिहिलेलं लागतंच. म्हणून ही मंडळी शेवटी 'डॉट ईएनव्ही' नावाची फाइल करतात! लाराव्हेलवाले ती निदान सार्वजनिक कप्प्याच्या बाहेर ठेवतात. पण पुष्कळ जण सर्व्हरला चुकीचा कप्पा दाखवतात आणि तीही उघडी पडते. माझ्या नोंदवहीत कडी हलवणारे तिचंही नाव रोज विचारतात.

असो. ज्यांच्याकडे स्वतःचा सर्व्हर नाही, होस्टिंगवाल्याचा एक कप्पा तेवढा आहे, त्यांना 'ईटीसी' मिळणार नाही हे मलाही कळतं. त्यांनी एवढं करावं. तुमची साइट 'पब्लिक-एचटीएमएल'च्या अगदी मुळाशी असेल तर 'डब्ल्यूपी-कॉन्फिग' उचलून एक पायरी वर ठेवा. दुसरं काही बदलावं लागत नाही. पण साइट 'पब्लिक-एचटीएमएल'च्या आत 'ब्लॉग' वगैरे उपकप्प्यात असेल तर एक पायरी वर म्हणजे पुन्हा सार्वजनिक खोलीतच, तेव्हा तिथे हे करू नका. अशांनी पासवर्डच्या आणि गुपितांच्या ओळी वेगळ्या फायलीत काढाव्यात, ती 'पब्लिक-एचटीएमएल'च्या बाहेर ठेवावी, आणि मूळ फायलीत "ती तिथून वाच" एवढी एक ओळ लिहावी. मूळ फाइलमधली शेवटची, 'डब्ल्यूपी-सेटिंग्ज'ला हाक मारणारी ओळ मात्र काढायची नाही. वरच्या कप्प्यात दुसरी वर्डप्रेस साइट असेल तर गोंधळ होतो, तेही आधी पाहून घ्या.

हे करायच्या आधी सार्वजनिक कप्पा उघडून 'ओल्ड', 'बॅक', 'कॉपी', 'झिप' अशा नावांची शिळी पिलावळ पुसून टाका. आणि तशी एखादी प्रत सापडलीच तर नुसती पुसून थांबू नका, पासवर्ड बदला, कारण ती किती दिवस तिथे होती आणि कोणी वाचली हे तुम्हाला सांगता येणार नाही. थीमच्या फायलीत ज्यांनी आपल्या हाताने बदल केले आहेत त्यांनी ते लिहून ठेवा. थीम अद्ययावत झाली की ते जातात, पुठ्ठ्यावरच्या वेळापत्रकासारखे.

कोणाचं अडलं तर मला मेल करावा. रविवारी सकाळी आठ ते दहा मी यंत्रापुढे असतो, लाइन असली तर. पासवर्ड मेलमध्ये पाठवू नये.